हात मातीकडं गेला

दुसऱ्या राऊंडचं दीड-एक मिनिट झालं असेल. समोरच्याचा खांदा धरला होता, घामानं हात सटकला. आणि माझा उजवा हात मला न विचारताच खाली गेला. माती उचलायला.

खाली माती कुठली? ताणून बसवलेला कॅनव्हास, त्यावर कसल्यातरी पेयाची जाहिरात. बोटं त्या जाहिरातीवरून फिरली आणि तेवढ्यात नाकावर ठोसा बसला.

नंतर पुण्यात आमच्या कोच सरांनी व्हिडिओ तिथंच थांबवला. "हे काय करत होतास? काही पडलं होतं का तुझं?" कोल्हापूरच्या माणसानं हा प्रश्न विचारला नसता. मैदानात कुस्ती लागली की पाच मिनिटांत अंग निसरडं होतं. मग पैलवान वाकतो, मूठभर माती घेतो, समोरच्याच्या मानेवर-पाठीवर टाकतो, उरलेली स्वतःच्या तळव्यांना चोळतो. तेवढाच दम पण खाता येतो. हे मला कुणी शिकवलं नाही. अकराव्या वर्षी तालमीत आलो, तेव्हा मोठी पोरं करायची, मीही करायला लागलो. बारा वर्षं केलं. पहिल्या व्यावसायिक एमएमए लढतीत (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ), पिंजऱ्यात, लाईटच्या झोतात तेच केलं.

गाव राधानगरी रस्त्याला. आबांनी एक पत्र्याची ट्रंक, एक स्टोव्ह आणि दोन लंगोट घेऊन मला तालमीत सोडलं आणि परतीची एसटी धरली. पुढं कॉलेजला इतिहास घेऊन बीए केलं. इतिहास कमी, कुस्ती जास्त. ६५ किलोत विद्यापीठाकडून दोनदा आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो, दोन्ही वेळा पदकाच्या अलीकडं थांबलो. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला लागणारं सर्टिफिकेट पदकाच्या पलीकडं असतं. उरल्या जत्रा. माघापासून वैशाखापर्यंत गावोगावी फिरायचं, जोड लागेल तशी कुस्ती करायची. चांगली निकाली झाली तर दहा-पंधरा हजार मिळायचे. पावसाळ्यात काही नाही.

रितू फोगाट कुस्ती सोडून एमएमएत गेली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात बीजिंगला पहिलीच लढत पहिल्या राऊंडला जिंकली, ती आम्ही तालमीत एका मोबाईलवर आठजणांनी बघितली. बाकीचे सातजण झोपायला गेले. मी तीच लढत परत लावली.

वस्तादांना सांगायला मला चार वर्षं लागली.

त्या दिवशी ते हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, तयार करत होते. नवी तांबडी माती चाळून आलेली, त्यात हळद, तेल, ताक, लिंबं, कापूर. सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघ्यापर्यंत मातीत उभा राहून पायानंच माती उलटी-पालटी करत होता. मी सांगितलं. त्यांनी पाय थांबवले नाहीत.

"कुस्तीत पाडल्यावर हात देऊन उठवत्यात," ते म्हणाले. "तिथं पाडल्यावर हाणत्यात. ह्यो कसला खेळ?"

मी तयारीनं गेलो होतो. म्हणलं, वस्ताद, खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचेच पैलवान. १९४८ ला लंडनला ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती, सगळी कुस्ती मातीतली. तरी सहावे आले. मग मॅट शिकले आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकलं होतं. तेव्हा त्यांना कोण म्हणलं का, माती सोडली म्हणून?

"खाशाबा मॅटवर कुस्तीच खेळाय गेले," वस्ताद म्हणाले. "मॅटवर बसून कॅरम बी खेळता येतो लेका. म्हणून ती काय कुस्ती झाली?"

ह्याला उत्तर नव्हतं, आजही नाही. मी फावडं घेतलं आणि माती ओढायला लागलो.

कोल्हापुरात मी एमएमएची सुरुवात केली ती एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. खाली पाईप उतरवत असले की वर मॅट हादरायची. पहिल्या संध्याकाळी माझी जोड लावली ती एका कॉम्प्युटर इंजिनियरशी. साठ किलोचा. चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि माझ्यापुढं उभा राहिला. मला हसू आवरत नव्हतं. मी त्याला पाच वेळा उचलून आपटला. त्यानं मला चार वेळा टॅप करायला लावलं. प्रत्येक वेळी मी वर होतो, म्हणजे माझ्या हिशोबानं जिंकत होतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात किंवा पाय कुठूनतरी येऊन माझ्या गळ्याभोवती बसायचा.

टॅप ही भानगड समजायलाच मला महिना लागला. आमच्यात हार पंचाच्या शिट्टीनं होते, नाहीतर पब्लिकच्या आरोळीनं. आपण होऊन हातानं थोपटून 'बास, हरलो' म्हणायचं, ही गोष्ट अंगातच नाही. दोनदा मी थोपटलंच नाही. एकदा डोळे उघडले तर तो इंजिनियर माझे पाय वर धरून उभा होता आणि म्हणत होता, "दादा, ऐकू येतंय का?" चोकमध्ये, म्हणजे गळा आवळल्यावर, श्वास कोंडतो असं मला वाटायचं. तसं नसतं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. नीट बसला तर दहाएक सेकंदांत माणूस झोपतो. दुखत पण नाही फार.

आता खरी अडचण सांगतो. पैलवानाला आयुष्यभर एकच भीती शिकवलेली असते, पाठ लागायची. दोन्ही खांदे टेकले, आस्मान दिसलं, खेळ खलास. म्हणून खाली गेलो की आपण पालथे पडतो. पोटावर पडायचं, कोपरं अंगाशी घ्यायची, छाती मातीला चिकटवायची. वरचा घिस्सा मारेल, भारंदाज लावेल, काय करायचं ते करू दे, पाठ द्यायची नाही. जत्रेत मी असा पंधरा-पंधरा मिनिटं पडलोय. कब्जा त्याचा, पण कुस्ती सुटली बरोबरीत.

एमएमएत हीच सगळ्यात वाईट जागा. पालथा पडलास की वरचा पाठीवर बसतो, दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो, एक हात गळ्याखालून घालतो. मागून येणारा ठोसा तर दिसतच नाही. उलट पाठीवर पडलास तर समोरचा दिसतो, त्याला पायांत धरता येतं, तिथूनही जिंकता येतं. सर सांगायचे, "पाठीवर राहा, पाठीवर राहा." माझं डोकं हो म्हणायचं. पाठीला जमीन लागली की कंबर आपोआप वळायची.

पट काढण्याचंही, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडण्याचंही, तसंच. एकेरी पट माझा हुकमी डाव. पण पटात घुसताना आपण डोकं खाली घालतो, कारण आपल्या खेळात तिथं गुडघा येत नाही. बेन आस्क्रेन हा अमेरिकन पैलवान, कॉलेज कुस्तीचा दोनदा राष्ट्रीय विजेता, २००८ च्या ऑलिम्पिकला गेलेला, एमएमएत तोवर एकदाही न हरलेला. जुलै २०१९ मध्ये तो पटात घुसायला वाकला आणि समोरच्या मासविदालनं पळत येऊन उडी मारून गुडघा घातला. पाच सेकंदांत लढत संपली. ती क्लिप मी शंभरदा बघितली असेल. आणि भारतात जन्मलेला यूएफसीतला (एमएमएची सगळ्यात मोठी संघटना) पहिला लढवय्या भरत खंडारे २०१७ ला शांघायमध्ये हरला तो गिलोटिनवर. गिलोटिन म्हणजे समोरून मुंडी काखेत धरून आवळणं. आपण पट काढताना मुंडी जिथं नेऊन ठेवतो, तिथंच तो फास तयार असतो.

तरी पण कुस्तीला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. हेन्री सेहुदो २००८ चा ऑलिम्पिक सुवर्णविजेता, पुढं यूएफसीत दोन वजनगटांचा चॅम्पियन झाला. यूएफसीचाच चॅम्पियन खबीब नूरमागोमेदोव २९ लढती जिंकून एकही न हरता निवृत्त झाला, तो माणसांना जमिनीवर दाबून ठेवण्याच्या जोरावरच. इथं मला एक गंमत वाटते. अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत समोरच्याला खाली दाबून ठेवल्याचा वेगळा गुण मिळतो. आपल्या मॅटवरच्या फ्रीस्टाईलमध्ये तसं नाही, वर बसून काही केलं नाही की पंच उठवतो. पण मातीत? मातीत कब्जा घेऊन कितीही वेळ बसा, कोण उठवत नाही. म्हणजे ह्या खेळासाठी मॅटपेक्षा आपली माती जवळची. हे मी वस्तादांना अजून सांगितलेलं नाही. खूश होतील की चिडतील, नेम नाही.

वजनाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात शौर्य काही नाही. मी एरवी ७३ असतो, लढायचं ६५.८ ला. वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळं शेवटचे किलो पाण्याचेच काढायचे. लढतीच्या आठवड्यात दोन दिवस कोल्हापुरात होतो. रात्री चुलतभावाबरोबर गंगावेशीतनं चाललो होतो, कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देत होते. भावानं एक घेतला. मग दुसरा घेतला. मी त्याच्या मिशीवरचा फेस बघत उभा होतो. तो म्हणाला, "वास घे की, वासानं वजन वाढत न्हाई."

तर ती पहिली लढत. पाच-पाच मिनिटांचे तीन राऊंड, हातात चार औंसांचे ग्लोव्हज, म्हणजे एक हाताला सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. पहिल्या राऊंडला दुहेरी पटानं त्याला उचलून टाकला आणि राऊंड संपेपर्यंत वर बसलो. मध्ये एकदा सवयीनं त्याची चड्डी धरली. मातीत जांग्याला हात घालून निम्मे डाव होतात, इथं तो फाऊल. पंचानं तंबी दिली. पब्लिकमधनं कोणतरी मराठीत ओरडलं, "सोड की, नवीन घेऊन देतो त्याला."

दुसऱ्या राऊंडला त्यानं माझी पोटरी फोडली. पैलवान पुढच्या पायावर वजन देऊन उभा राहतो, आणि त्यानं तोच पाय निवडला. तीन लाथांत पाय बधिर. मग तो हात मातीकडं गेला, नाकावर बसला, मी खाली. पाठ टेकली. वरचे लाईट दिसले. बारा वर्षांच्या मेहनतीनं मला एका क्षणात पालथं केलं.

त्याचा हात गळ्याखाली येताना मला कळला. ह्या वेळी मी थोपटलं.

वीस हजार ठरले होते. दोन महिन्यांनी आले, त्यातनं प्रवास कापून. रक्ताच्या तपासण्यांचे पैसे आधीच माझ्याकडनं गेले होते. जत्रेत हरलो तरी पैसे त्याच संध्याकाळी रोख हातात पडतात. आई नाकाकडं बघून म्हणाली, "कान मोडलं हुतंच. नाकच तेवढं ऱ्हायलं हुतं व्हय?" आबांनी विचारलं, जोड कितीची होती, तो पोरगा कुठला होता. आणि एवढंच. दुसरी लढत मी जिंकलो, गुणांवर. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वर बसून राहिलो.

मागच्या रविवारी तालमीत गेलो होतो. मेहनत संपत आलेली, पोरं अंगाची माती खरवडत बसलेली. वस्ताद कट्ट्यावर होते. मी पाया पडलो. त्यांनी माझं नाक दोन बोटांनी धरून इकडून तिकडं हलवून बघितलं. मग म्हणाले, "बघितली ती तुझी कुस्ती. नातवानं दाखवली." जरा थांबून, "पाठीवर पडून जिंकत्यात म्हणं. खरं काय?"

"होय वस्ताद."

"दाखव."

मी शर्ट काढला, मातीला हात लावून कपाळाला लावला, हौद्यात उतरलो आणि मधोमध उताणा झोपलो. त्या मातीत आपण होऊन पाठ टेकायची माझी ही पहिलीच वेळ. केसांत माती गेली, थंडगार लागली. वर पत्र्याला बसवलेला तो एक पिवळा बल्ब, तो मी असा खालून कधी बघितलाच नव्हता. ७४ किलोच्या एका पोराला म्हणलं, ये, माझ्यावर ये, दाब मला.

पोरगं आलं, माझ्याकडं बघितलं, वस्तादांकडं बघितलं. आणि मला उठवायला हात पुढं केला.

"आण्णा, चितपट झालासा की."

सगळी तालीम हसली. वस्ताद हसले नाहीत. काठी कट्ट्यावर आपटून त्या पोराला म्हणाले, "हात नगं देऊस त्याला. कुस्ती अजून चालू हाय म्हणं."