आमची वाटचाल : मर्ज लवकर, अपडेट बाजार बघून

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागला आणि आम्ही नागपूरच्या महालात दोन खोल्या भाड्यानं घेऊन बिलिंग सॉफ्टवेअर सुरू केलं. गिऱ्हाईक म्हणजे इतवारीतले ठोक किराणावाले आणि कळमन्याचे अडते. प्रत्येक मोठ्या मागणीची वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत, काढायची, काम पुरतं झालं की मगच मेनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, मर्ज करायची (मिसळायची), असा आमचा शिरस्ता होता. तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच चालायचं.

ई-इनव्हॉइसपाशी, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलापाशी, तो अडला. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला असलेलं बंधन उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आलं, म्हणजे आमच्या ठोकवाल्यांच्या दारात. त्याची ब्रँच लांबत चालली होती आणि शेजारी हमाली-तोलाईची दुसरी. दोन्ही एकत्र केल्या तेव्हा कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटनं एकही कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) दाखवला नाही, पण टेस्टमध्ये बिलाची बेरीज एक रुपयानं चुकली. एकीनं राउंड-ऑफ प्रत्येक ओळीवर नेला होता. दुसरी तो हमाली मिळवल्यावर शेवटी होतो असं धरून चालली होती. फायली वेगळ्या, त्यामुळे गिटला वावगं काही दिसलंच नाही. ते ओळी जुळवतं, हिशोब नाही.

तेव्हापासून ब्रँच दोन दिवसांवर लोंबकळत ठेवत नाही. टेस्ट पास, दुसऱ्यानं कोड वाचला, की मर्ज. काम अर्धवट असलं तर त्याचा फ्लॅग, म्हणजे कोडातलं चालू-बंदचं बटण, बंद ठेवून. नव्या पोरांना हे आधी पटत नाही: "सर, अर्धा कोड मेनमध्ये?" पण ई-इनव्हॉइसचा फ्लॅग आम्ही उलाढाल बघून एकेका गिऱ्हाइकाला चालू करून दिला, ते यामुळेच जमलं. जुने फ्लॅग उपटून काढणं मात्र कंटाळवाणं काम आहे, आणि ते कोणालाच नको असतं.

अपडेट कधी द्यायचं हे बाजार ठरवतो. "भाऊ, मार्च एंडला हात नका लावू," हे आम्हाला दरवर्षी ऐकवलं जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, इतवारीत मिरवणुकीची गर्दी, बिलं फाडायला कोणाला सवड? तो दिवस आमचा.

२२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी दरबदलाचा कोडही आधीच मर्ज झाला होता, दराला लागू तारीख जोडून. तुपाचा जुना १२ टक्के दर टेबलात अजून आहे, कारण त्याआधी विकलेला डबा परत आला की क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वळती करणारा कागद) जुन्याच दरानं काढावी लागते.