कार्न ब्रे: टेकडी छोटी, दमछाक मोठी

आज इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या रेडरूथ गावाजवळची कार्न ब्रे टेकडी चढून आलो. उंची जेमतेम २२८ मीटर, म्हणजे ट्रेक म्हणायलाही संकोच वाटावा. पण थेट वर जाणारी वाट धरली आणि पोटऱ्यांनी लगेच जाब विचारला! माथ्यावर ग्रॅनाइटचे अजस्र धोंडे. हात टेकला की खरखरीत कण तळव्यात रुततात. शेजारी १८३६ सालचा ९० फुटी बॅसेट स्तंभ. खाणींवर गब्बर झालेल्या जमीनदाराचं हे स्मारक. खाणीत उतरणाऱ्यांचं वर तरी काही दिसलं नाही. असो.

खरी मजा खाली बघण्यात. जिकडेतिकडे जुनी इंजिनघरं, छप्पर गेलेलं पण धुराडं ताठ. इथली वाफेची इंजिनं खाणीत साचणारं पाणी उपसायची, म्हणून तर तांबं आणि कथील एवढ्या खोलातून काढता आलं. साउथ क्रॉफ्टी ही खाण १९९८पर्यंत चालली. पलीकडच्या कॅम्बोर्न गावात रिचर्ड ट्रेव्हिथिक या अभियंत्याने १८०१मध्ये वाफेची गाडी चढावर पळवली होती. आम्ही मात्र स्वतःच्याच वाफेवर!

जाणार असाल तर बूट चांगल्या पकडीचे घाला. उतरताना ओले दगड फार सटकतात.