जाताना सोळा, येताना चौदा

मुंबईहून न्यूयॉर्कला जायला विमानाने किती वेळ लागतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. पण ‘किती तास लागतात?’ याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. थेट विमान असेल तर जाताना सोळाच्या आसपास, येताना चौदा-साडेचौदा.

यावर कुणीतरी हमखास तिकीट पुढे करतं. ‘अहो, इथे तर उलटं दिसतंय!’ दिसतं खरं. उन्हाळ्यात रात्री १ वाजता मुंबई सोडली आणि १६ तास उडालात, तर न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला उतरता, कारण तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे. कागदावर गेले फक्त साडेसहा तास. परतताना रात्री ९ ला निघालात आणि साडेचौदा तासांनी मुंबईत उतरलात, की दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे ९ वाजलेले असतात. कागदावर अख्खे २४ तास! जो प्रवास खरा लांब, तोच तिकिटावर आखूड. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेदहाचा होतो. न्यायला येणाऱ्या मामांनी एवढं बघून निघावं.)

मग हुशार मंडळी म्हणतात, ‘जाताना जास्त तास लागतात, ते विमानाखालून पृथ्वी फिरते म्हणून ना?’ नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. शिवाय पृथ्वी फिरते पूर्वेकडे; तुमचं म्हणणं खरं असतं तर पश्चिमेला जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत आलं असतं.

खरं कारण वारा. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरकस वारे वाहतात. उष्ण आणि थंड प्रदेशांच्या तापमानातला फरक हिवाळ्यात वाढतो, तेव्हा त्यांचा जोरही वाढतो. विमानाचा वेग ताशी ९०० धरा. पाठीशी दीडशेचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने १०५०, समोरून असेल तर ७५०. समोरच्या पडद्यावर हा आकडा दिसतो. सिनेमापेक्षा मला तोच बघायला आवडतो. गंमत अशी, की वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल मात्र त्याने एस्परान्तो या कृत्रिम, मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत छापला, मग तो जगात वाचणार कोण!

अंतराचीही एक मेख आहे. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा: सगळ्यांत जवळची वाट पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कॅन्डिनेव्हिया, आइसलँडच्या बाजूने जाते. ती तरी सरळ कुठे मिळते? २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकन विमानांना बंद, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं भारतीय विमानांना बंद झालं. मुंबईला अरबी समुद्र शेजारी असल्याने वळसा थोडका पडतो, दिल्लीकरांना जास्त.

म्हणून नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली, पण वारा पाठीशी आला आणि प्रवास जवळपास दोन तासांनी कमी झाला.