तीन चाळीस

मंगळवार, रात्री

आज सकाळचं रेडिओवरचं प्रादेशिक बातमीपत्र वाचायला माझ्याकडे होतं. दहा मिनिटं, त्यातली निम्मी पावसातच गेली. कोयनेचा विसर्ग, पुण्यात भिडे पूल पाण्याखाली (तो दरवर्षी जातोच) आणि मग कोल्हापूर. कागदावर वाक्य होतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ४१ फूट, इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३.

डोळ्यांना सोपं आहे. आता मोठ्यानं वाचा. एक्केचाळीस, एकोणचाळीस, त्रेचाळीस. रेडिओला खरखर आहे, वर पत्र्यावर पाऊस वाजतोय. ऐकणाऱ्याच्या पदरात पडतं ते नुसतं 'चाळीस'. गोठ्यातली जनावरं हलवायची की नाही हे त्याला त्यावरून ठरवायचं असतं, आणि बातम्या काही पुन्हा मागे नेऊन ऐकता येत नाहीत.

संपादकांना विचारून वाक्य फोडलं. 'पंचगंगेनं इशारा पातळी ओलांडली आहे. धोक्याची पातळी आता फक्त दोन फुटांवर आहे.' आकडे त्यानंतर, सुटे सुटे. प्रत्येकाच्या आधी पेन्सिलीनं तिरपी रेघ, म्हणजे तिथं थांबायचं. या रेघांमुळे पंधरा-वीस सेकंद जास्त गेले आणि शेवटची क्रीडावार्ता कापावी लागली. क्रिकेटवाले रागावले असतील, रागावोत.

दुपारी टीव्ही लावला. तीच पंचगंगा. आकडा खाली पट्टीवर ठळक होता, त्यामुळे निवेदकाला त्याची फिकीर नव्हती. सगळा दम 'हाहाकार'वर. त्याला तरी काय म्हणणार? कानातल्या बटणातून पीसीआरमधलं, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातलं, कुणीतरी सारखं सांगत असतं, 'खेच, खेच, फोनो लागत नाहीये.' म्हणजे फोनवरचा माणूस जोडला जाईपर्यंत बोलत राहा. थोडे दिवस मीही त्या खुर्चीत बसलोय. बोलायला काही उरलेलं नसतं तेव्हा आवाज आपोआप चढतो.

माझ्या कानात मात्र प्रदीप भिडेच बसलेत. १९७४ पासून अनेक वर्षं ते मुंबई दूरदर्शनवर सातच्या बातम्या वाचायचे. अपघात असो की अर्थसंकल्प, सूर जरासाच हलायचा. घाबरायचं की नाही, ते आपलं आपण ठरवायचो.

झोपण्यापूर्वी पातळी पाहिली. ४२. उद्याच्या कागदावर बेचाळीस येणार, म्हणजे चाळीस काही सुटत नाहीत.