जिरावण वरून

इंदुरात सकाळी पोह्यांची परात वाफेवर ठेवलेली असते आणि तिच्यातले पोहे साधेच असतात. शेव, कांदा, लिंबू, जिरावण (इंदुरी चटपटीत मसाला) हे सगळं प्लेट हातात देताना वरून पडतं. कोणाला जिरावण जास्त हवं, कोणाला कांदा नको. खाली पोहे तेच. शेव आधीच परातीत कालवली तर थोड्या वेळात लगदा.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मंडळात जमणारा मजकूर मात्र कालवूनच येतो. शीर्षक चोवीस पॉइंटात ठळक, ते मध्यावर यावं म्हणून डावीकडे पंधरा-वीस स्पेस, नवं पान हवं म्हणून एंटरची रांग. पानाचा आकार बदलला की सगळी मांडणी कोसळते.

यावरचा उपाय म्हणजे मार्कअप. हा शब्द मुळात छापखान्यातला. हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीने खुणा करायच्या आणि खिळे जुळवणाऱ्याने त्या वाचायच्या. १९६९ मध्ये आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी यांनी ही पेन्सिल संगणकाच्या हाती दिली. त्या भाषेचं नाव जीएमएल, म्हणजे जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज; तिघांच्या आडनावांची आद्याक्षरंही त्यात बसली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि त्याच घराण्यात पुढे वेबपानांची भाषा एचटीएमएल. सगळ्यांचं म्हणणं एकच: 'हे मोठं कर' असं सांगू नका, 'हे शीर्षक आहे' असं सांगा. किती मोठं करायचं ते नंतर बघू.

आपल्याकडे ही गोष्ट अक्षरापासूनच अडते. इंदुरात राजवाड्याच्या आसपास टाइप करून घेतलेला मजकूर अजूनही कृतिदेव या हिंदीच्या जुन्या फॉन्टमध्ये असू शकतो. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिलं की फाइलीत साठतात ती इंग्रजी अक्षरं: एच, के, के, जे, आर. पहिलं 'एच' म्हणजे अर्धा भ, 'के' म्हणजे त्याचा दंड, दुसरं 'के' म्हणजे काना. फाइलीला भारत ठाऊकच नसतो. तिला फक्त आकार ठाऊक. फॉन्ट नसला की उरतं ते अगम्य इंग्रजी. युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो तिथे, आणताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, कारण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हीचा क्रम उलटा. म्हणून रूपांतर झालं की 'किल्ला', 'वर्ष' आणि 'सुऱ्या' हे तीन नमुने आधी तपासावेत. तिसऱ्याची काळजी जास्त, कारण 'ऱ्य' हिंदीला लागतच नाही.

मजकूर युनिकोडमध्ये आला की साधन निवडायचं. दहा जण लिहिणार आणि त्यातले आठ जण काका-मावशी असतील, तर वर्डच ठेवा. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो स्टाइल देतो, आपण वापरत नाही. शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल, आल्ट आणि १ दाबलं की 'हेडिंग १' लागते, आणि तेवढं झालं की अनुक्रमणिका आपोआप बनते. एक खोच आहे. स्टाइलमध्ये फॉन्ट बदलला तरी देवनागरी ढिम्म हलत नाही, असं होतं. फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा कप्पा असतो. आपली लिपी त्यात मोडते. नाव, आकार, ठळकपणा तिथे बदलायचा.

संपादन एकाच्याच हाती असेल तर मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही भाषा पंधरा मिनिटांत येते: ओळीच्या सुरुवातीला # आणि एक स्पेस म्हणजे शीर्षक, शब्दाभोवती दोन-दोन तारे म्हणजे ठळक. ही स्पेस विसरली तर बऱ्याच ठिकाणी शीर्षक होत नाही. एकेक तारा टाकला तर अक्षर तिरकं होतं. पण तिरकी देवनागरी म्हणजे रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, परतलेला माणूस, तेव्हा ठळकच बरं.

मराठीची खरी गंमत प्रत्ययांत आहे. इंग्रजीत शब्दानंतर मोकळी जागा असते. आपला प्रत्यय चिकटून बसतो. \_सराफा\_त असं अंडरस्कोरने लिहिलं तर काहीच तिरकं होत नाही, कारण शब्दाच्या पोटात आलेला अंडरस्कोर कॉमनमार्क, म्हणजे मार्कडाउनचं काटेकोर नियमांत बांधलेलं रूप, खूण मानत नाही. तारे चालतात. पण \*\*'सराफा'\*\*त असं अवतरणासकट ठळक करायला जा, कॉमनमार्कच्या नियमाने तारे तसेच छापून येतात: बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आलं की ते बंद होत नाहीत. अवतरण ताऱ्यांच्या बाहेर काढलं की काम होतं. त्याहून वाईट \*\*पुस्तक\*\*ाने. इथे काना व्यंजनापासून तुटतो आणि बिचाऱ्याला ठिपक्यांचं वर्तुळ मिळतं. मराठीत ठळक करायचं तर प्रत्ययासकट अख्खा शब्द.

आकड्यांचंही तसंच. '१.' असं देवनागरीत लिहिलं तर कॉमनमार्कला ती यादी वाटत नाही; अध्यक्ष, सचिव, खजिनदार एका परिच्छेदात गळ्यात गळे घालून बसतात. यादीपुरते इंग्रजी आकडे टाकावेत. कवितेचे तर हालच. मार्कडाउन नुसता एंटर मानत नाही, त्यामुळे आठ ओळींची कविता सलग गद्य होते. ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्याव्यात, पण त्या दिसत नाहीत आणि काही एडिटर सेव्ह करताना पुसून टाकतात. त्यापेक्षा ओळीअखेर उलटी तिरकी रेघ बरी, डोळ्यांना दिसते तरी.

मार्कडाउनची एक फाइल तयार असली की पॅन्डॉक हा रूपांतर करणारा प्रोग्राम तिचं वर्ड, वेबपान, ई-पुस्तक सगळं करून देतो. वर्डसाठी त्याला एक नमुना फाइल द्यायची. तिच्यातला मजकूर तो बघत नाही; स्टाइली, समास, पानाचा आकार असं उचलतो. जिरावण वरून, ते हेच.

लाटेक ही मार्कअपवर चालणारी जुळणीची प्रणाली फार देखणं छापते, पण गणित, तळटीपा किंवा तीनशे पानांचा ग्रंथ असेल तरच तिच्या वाटेला जावं. देवनागरीसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक हे तिचे प्रकार घ्यायचे आणि फॉन्टला लिपी देवनागरी असल्याचं बजावायचं. जाहिरातींची पानं त्यात हातानं लिहू नयेत हे उत्तम. टक्क्याचं चिन्ह लाटेकला टिप्पणीची सुरुवात वाटते, ओळीतलं पुढचं सगळं ते गिळतं आणि चूकही दाखवत नाही. 'सर्व साड्यांवर २०% सूट, फक्त दहा दिवस' यातलं छापून येतं 'सर्व साड्यांवर २०'. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ घातली की सूट परत मिळते. पॅन्डॉककडून आलेल्या लाटेकमध्ये ही रेघ आधीच घातलेली असते.