हीटरची कळ

बर्मिंगहॅमच्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की समोरची काच आतून धुरकट होते, आणि अशा वेळी डॅशबोर्डावरची हीटरची गोल कळ फिरवायची असते. माझ्या १९७२ सालच्या एमजीबीत, म्हणजे एका जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, ती फिरत नसे. जोर लावावा, तर मनगटातून कळ येई. या दोन गोष्टींना मराठीने एकच शब्द का ठेवला असावा, हे मला त्या गाडीत बसून उमगले. ही गाडी १९६२ साली बाजारात आली तेव्हा हीटरसाठी वेगळे पैसे मोजावे लागत. कोल्हापुरात वाढलेल्या माझ्यासारख्याने हीटरला चैन म्हटले तर चालेल. इंग्लंडातल्या माणसांनी म्हणावे, हे नवलच.

दोन हिवाळे मी सगळा दोष कळीलाच दिला. तिच्या दांड्यावर तेल सोडले, ते खालच्या गालिच्यावर ठिबकले, आणि कळ होती तशीच राहिली. शेवटी एका रविवारी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडले. इंजिनाच्या हेडला मागच्या बाजूस बसवलेला एक लहान व्हॉल्व्ह गरम पाणी हीटरकडे सोडतो. त्याच्या दांडीवरचा बारीक स्क्रू सैल करून कळीकडून येणारी तार मोकळी केली, तर व्हॉल्व्ह एका बोटाने हलला. कळ मात्र अजूनही घट्टच होती. म्हणजे दुखणे मधल्या केबलमध्ये होते.

सायकलच्या ब्रेकची तार अनेक पदरी असते आणि ती फक्त ओढते. ही तार एकेरी आणि ताठ असते, कारण तिला ओढण्याइतकेच ढकलावेही लागते. त्यामुळे वाटेत एक जरी पीळ पडला तरी ती अडते. पूर्वी कोणीतरी रेडिओ बसवताना माझी केबल डॅशबोर्डामागे करकचून बाजूला बांधून ठेवली होती. तार उपसली, तेव्हा तिच्यासोबत गंजाची तपकिरी भुकटी आणि कढईच्या तळाला धरलेल्या पाकासारखे वाळलेले ग्रीस बाहेर आले. तार बारीक पॉलिश पेपरने घासली, नवे ग्रीस लावले आणि केबल ऐसपैस वळण देऊन पुन्हा बसवली.

कळ ‘थंड’वर आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवूनच स्क्रू आवळायचा असतो. उत्साहाच्या भरात मी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असतानाच तो आवळला, आणि पहिल्या फेरीला पाय भाजत, खिडकी उघडी ठेवून घरी परतलो. दुसऱ्या दिवशी ते निस्तरले. आता कळ दोन बोटांनी फिरते. पंखा मात्र वाऱ्यापेक्षा आवाजच अधिक करतो. ते काम मी उन्हाळ्यावर ढकलले आहे.