करवंदाच्या जाळीत पाऊण तास

मागच्या मे महिन्यात माळशेजच्या रस्त्यावर करवंदं विकणाऱ्या एका ताईंशी मी घासाघीस केली होती. पळसाच्या पानाचा एक द्रोण, त्याचे त्या तीस रुपये सांगत होत्या आणि मी वीसवर अडून बसले होते. "डोंगरात फुकटच तर मिळतात," असंही वर म्हणाले. यंदा स्वतः तोडायला गेले, त्यामुळे ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

कल्याणहून एसटीने टोकावड्याकडे आत्याच्या गावी गेले, पहाटे उठून टेकडी चढलो, यात सांगण्यासारखं काही नाही. पहिला अर्धा तास तर मजेतच गेला. करवंद चावण्याआधी कोंबडा की कोंबडी ते सांगायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आत्या साठीची आहे, पण दर वेळी तीच जिंकत होती. डबा मात्र रिकामाच. बाहेरच्या फांद्यांवरचा पिकलेला माल वाडीतल्या बायकांनी उजाडायच्या आत नेला होता. उरली होती ती आतली, काळीभोर.

मी आत शिरले. आत्या आधी जाळीवर काठी आपटते आणि आत काही सळसळतंय का बघते. मी तेही केलं नाही.

करवंदाचा काटा जाताना अडवत नाही. फांद्या वाकून वाट देतात आणि आपण गेलो की मागे मिटतात. दहा-बारा करवंदं तोडली आणि वळले, तर ओढणी ताणली. ती सोडवायला डावा हात मागे नेला तर बाही अडकली, बाहीसाठी मान वळवली तर केस. काट्याला बहुतेक ठिकाणी दोन टोकं, एक काढलं की दुसरं रुतायचं. त्यात देठांचा पांढरा चीक बोटांना लागलेला, त्यावर धूळ बसलेली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटून बसली होती, काटा चिमटीत धरणार कसा? पायावर मुंगळे चढायला लागले. मी आत्याला हाका मारल्या, मग चिडले, मग सगळा जोर लावून ओढलं. टर्रकन आवाज आला आणि मी आणखी हातभर आत गेले.

आत्या बाहेर उभी राहून हसत होती.

"ओढू नको गं. जशी गेलीस तशी मागं ये."

"अगं, वळताच येत नाहीये!"

"वळायला कोण सांगतंय? उलटी ये."

मग एकेक फांदी शेंड्याला धरून बाजूला करायची, एक पाऊल मागे, पुन्हा पुढची फांदी. घाई केली की नवीन काटा. पाऊण तास लागला. ओढणी तिथेच सोडली.

तुम्ही जाणार असाल तर ओढणी घरी ठेवा, अंगात जाड सुती पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: जाळीला हात लावण्याआधी बोटांना खोबरेल चोळा, म्हणजे चीक धरत नाही. पिकलेलं करवंद बोट लावताच हातात येतं, ओढावं लागलं तर ते अजून कच्चं आहे. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, घाम सुटून लगदा होतो. वळवाचा पाऊस पडायच्या आत जा, नंतर अळ्या निघतात.

चार तासांची कमाई आत्याने द्रोणांत मोजली. अडीच द्रोण.

परतताना एसटीच्या थांब्यावर एक बाई पाटी घेऊन बसल्या होत्या. माझ्या डब्यात डोकावून म्हणाल्या, "ताई, निम्मी तर लालच आणलीत." त्यांच्याकडून चाळीसचा द्रोण घेतला, एक शब्द न बोलता. लाल करवंदांचा जॅम केला, तो मात्र झकास आळला. कच्च्या फळाने जॅम घट्ट होतो, हे तेव्हाच कळलं.

काल आत्याचा फोन आला होता. ओढणी अजून तिथेच आहे, आणि गुराखी पोरं आता त्या जाळीला 'ओढणीची जाळी' म्हणतात.